बैलाच्या तोंडचा घास

ताटात चवळीची उसळ वाढली की आमची आजी म्हणते, “ह्यो बैलाचा घास हाय.” लहानपणी मला वाटायचं, ती उसळीला नावं ठेवतेय. तसं नव्हतं.

सोलापूर जिल्ह्यातली आमची जमीन कोरडवाहू. १९७२च्या दुष्काळात विहिरीच्या कडेच्या चवळीच्या चार ओळी तेवढ्या हिरव्या राहिल्या. घरात पाच पोरं, गोठ्यात दोन बैल. आजीनं शेंगा खुडून पोरांना शिजवल्या आणि वेल बैलांपुढं टाकले. वेल संपले तेव्हा एक बैल बाजारात गेला. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथं माणसांना सुकडी मिळायची. बैलाला कोण देणार?

दुष्काळाचा इतिहास आपण माणसांच्या आकड्यांत वाचतो. पण शेतकऱ्याच्या घरात धान्याच्या आधी कडबा संपतो. बैल गेला की पाऊस येऊनही पेरणी होत नाही. म्हणून एकाच वेलावर माणसाचं आणि जनावराचं पोट भरणारं पीक इथं मोलाचं.

गंमत म्हणजे चवळी मूळची आफ्रिकेची. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी ती भारतात रुजलेली होती. ज्वारी आणि बाजरीही त्याच खंडातून आल्या. म्हणजे ज्या भाकरी-उसळीला आपण अस्सल गावरान म्हणतो, ती दोन्ही परदेशी! हातभर लांब शेंगेची चवळी मात्र आशियातल्या शेतकऱ्यांनी घडवली.

चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. तिचा पाला जमीन झाकतो, ओल टिकवतो. इथल्या शेतीचा सगळा प्रश्न या ओलीचाच. १९२३मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, १९३३मध्ये सोलापुरात संशोधन केंद्र आलं. बांध घाला, बी विरळ पेरा, कोळपण्या करा, हे तिथल्या शिकवणीचं सार. ना. वि. कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक १९४४चं.

पुढं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं चवळीचे वाण काढले. त्यांची नावं बघा: फुले पंढरी, फुले विठाई. आपल्या जिल्ह्याचा देव थेट बियाण्याच्या पिशवीवर!

२०१९च्या दुष्काळात मी चारा छावणी पाहिली. जनावरांपुढं ऊस पडला होता. सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक दुष्काळात चारा म्हणून वाटलं जात होतं. घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, “बांधाला चवळी कुणी लावली न्हाई का?”

आता आमच्याकडं बैल नाही, ट्रॅक्टर आहे. यंदा मात्र तुरीच्या कडेनं चवळीच्या चार ओळी टाकल्यात. शेंगा आमच्या, वेल शेजारच्या म्हशीला. आजीला सांगितलंय.