धुराची नाडी : लॅम्डा सेन्सरचा इतिहास आणि वाईडबँडची निवड

'झिर्कोनियम' हे नाव रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचले की ते फार परके वाटते. पण भाषेचे अभ्यासक या शब्दाचा माग सामान्यतः अरबीतून फारसी 'जरगून'पर्यंत नेतात. 'जर' म्हणजे सोने, 'गून' म्हणजे रंग. मराठीतली जरी आणि जरतारी पैठणी याच 'जर'ची. उर्दूतले 'नीलगूँ' आसमान याच 'गून'चे. श्रीलंकेतून आलेल्या या खड्यांमध्ये एक नवे मूलद्रव्य दडले आहे, हे मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये दाखवले. त्याच मूलद्रव्याचे ऑक्साईड आज बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सर पाइपात बसून इंजिनाची नाडी पाहत असते. त्याला आपण ऑक्सिजन सेन्सर म्हणतो.

इंजिन ट्यूनिंगच्या कामात उतरणाऱ्या तरुणांचा नेहमीचा प्रश्न असतो : वाईडबँड सेन्सर कोणता घ्यावा? बाजार या प्रश्नाला ब्रँडचे नाव आणि किंमत सांगून उत्तर देतो. खरे उत्तर मात्र या वस्तूच्या इतिहासात आहे. प्रत्येक पिढीच्या सेन्सरने आधीच्या पिढीची एकेक अडचण सोडवली, आणि त्या अडचणी समजल्या की निवड आपोआप सोपी होते.

सुरुवात गाडीपासून नव्हे, दिव्यापासून झाली. वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकाच्या अखेरीस झिर्कोनियमच्या ऑक्साईडमध्ये इट्रियमचे ऑक्साईड मिसळून एक कांडी बनवली. थंड असताना तिच्यातून वीज जात नसे. तापली की जाई आणि कांडी लख्ख उजळे. याच नर्न्स्टने त्याआधी १८८९ मध्ये एक समीकरण मांडले होते. पडद्याच्या दोन बाजूंना एखाद्या पदार्थाचे प्रमाण वेगळे असेल, तर त्या फरकातून किती व्होल्ट निर्माण होतील, हे त्यातून काढता येते. तापलेल्या झिर्कोनियाचा पडदा, एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर : दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून वीज. सेन्सरचे सगळे इल्म एवढेच आहे. नर्न्स्टला १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याला मोटारींचा शौकही होता, पण त्याच्या शोधाला गाडीत जागा मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

ती जागा कायद्याने मिळवून दिली. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरू लागले. गाड्यांच्या आणि तेल शुद्धीकरणाच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरातले मुख्य विषारी घटक ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. त्यातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. कार्बन मोनॉक्साईड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साईड हे तिन्ही एकाच वेळी संपवणाऱ्या कन्व्हर्टरची एक अट होती. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहिले पाहिजे. या बिंदूला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली तर लॅम्डा १ च्या वर, म्हणजे लीन. पेट्रोल जास्त झाले तर १ च्या खाली, म्हणजे रिच.

हा तोल सांभाळणारा बॉश कंपनीचा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो गाडीत बसून अमेरिकेच्या बाजारात उतरला. तो आजच्या भाषेत नॅरोबँड. मिश्रण रिच असेल तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मध्ये लॅम्डा १ पाशी एकदम उडी. म्हणजे तो फक्त 'कमी' किंवा 'जास्त' एवढेच सांगतो. किती कमी, किती जास्त, हे विचारले तर त्याच्याकडे भरवशाचे उत्तर नाही. कन्व्हर्टरसाठी एवढे पुरते. ट्यूनिंगसाठी पुरत नाही. पूर्ण जोर लावताना इंजिनाला लॅम्डा ०.८५ च्या आसपास रिच मिश्रण लागते. तेथे ०.८५ आहे की ०.९५, हा फरक पिस्टन वाचण्याचा आणि वितळण्याचा असू शकतो.

ही उणीव वाईडबँडने भरून काढली. एनटीके या जपानी कंपनीचा वाईडबँड सेन्सर १९९२ मध्ये आला. पुढे बॉशची एलएसयू मालिका जगभर रुजली. यात नर्न्स्टच्या पडद्याला एक छोटा पंप जोडलेला असतो. धुराचा थोडासा भाग एका बारीक पोकळीत येतो. पंप तेथला ऑक्सिजन विजेच्या जोरावर बाहेर काढतो किंवा आत आणतो, आणि पोकळीतले मिश्रण कायम लॅम्डा १ वर ठेवतो. त्यासाठी किती वीज लागली आणि कोणत्या दिशेने, यावरून धुराचा खरा लॅम्डा कळतो. तराजूत वजने टाकून काटा मध्यावर आणावा आणि मग वजने मोजावीत, तसेच हे.

आता निवडीकडे येऊ. बाजारात प्रामुख्याने बॉशचे एलएसयू ४.२ आणि ४.९ हे दोन सेन्सर दिसतात. ४.२ तुलनेसाठी बाहेरची हवा आत घेतो. ती हवा तेलाच्या किंवा सॉल्व्हंटच्या वाफेने दूषित झाली की माप सरकते. शिवाय त्याच्या कंट्रोलरला सहसा वेळोवेळी मोकळ्या हवेत धरून पुन्हा जुळवावे लागते. ४.९ स्वतःचा तुलनेचा ऑक्सिजन पंपानेच तयार करतो, म्हणून बाहेरच्या हवेवर अवलंबून राहत नाही. त्याच्या कनेक्टरमध्ये कारखान्यातच जुळवलेला रेझिस्टर असतो, त्यामुळे तो कनेक्टर कापून फेकणे म्हणजे सेन्सरचे मापच फेकणे. नव्याने घेणाऱ्याने ४.९ घ्यावा. पण एका सेन्सरचा कंट्रोलर दुसऱ्याला चालत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सेन्सर हे नुसते इंद्रिय आहे, मेंदू कंट्रोलर. सेन्सरचे तापमान सुमारे ७५० ते ७८० अंश सेल्सियसवर स्थिर ठेवणे आणि पंपाची वीज मोजणे, ही कामे त्याची. तो ईसीयूला माहिती कशी देतो, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. साधा मार्ग ० ते ५ व्होल्टचा. त्यात १० ते २० चे प्रमाण बसवले असेल, तर अर्थिंगमधला ०.१ व्होल्टचा दोष ०.२ ची चूक दाखवतो. ईसीयूला कॅन किंवा सिरियल जोडणी घेता येत असेल, तर तिच्यात हा दोष येत नाही.

बसवण्याच्या जागेलाही तितकेच महत्त्व आहे. सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी आणि टर्बो असेल तर टर्बोनंतर बसवावा. त्याचे टोक खाली आणि मागची बाजू आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर असावी, म्हणजे पाइपात साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडून त्याला तडा जाणार नाही. आणि वीज न जोडता तो चालू इंजिनाच्या पाइपात ठेवू नये. थंड सेन्सरवर काजळी बसून तो लवकर मरतो.

भारतात हा विषय आता अधिक जवळचा झाला आहे. शिसे असलेल्या पेट्रोलवर सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही टिकत नाहीत. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये ते पेट्रोल देशभर पोहोचले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, आणि बहुतेक मोटारसायकलींतही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन व सेन्सर आले. पाठोपाठ २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. शुद्ध इथेनॉलला ९ ला १ च्या आसपास हवा लागते, त्यामुळे या मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ नसून सुमारे १३.५ आहे. म्हणून मीटरवर हवा-पेट्रोलचे आकडे पाहण्यापेक्षा लॅम्डा पाहावा. लॅम्डा १ चा अर्थ इंधन बदलले तरी बदलत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सेन्सर पेट्रोल ओळखत नाही, तो फक्त ऑक्सिजनचा हिशेब ठेवतो. प्लग मिसफायर झाला तर न जळलेला ऑक्सिजन धुरात येतो आणि मीटर 'लीन' सांगतो. पाइपाच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल तरी तेच. अशा वेळी आकड्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवणारा माणूस रोग वाढवतो. कन्व्हर्टर काढून टाकून केलेले 'ट्यूनिंग' हा तर सगळ्या इतिहासाचाच उलटा प्रवास. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि तो धूर आपल्याच गल्लीतली मुले घेतात.

आपल्याकडे गॅरेजचे हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे आले. कार्बोरेटरच्या जमान्यात उस्ताद इंजिनाचा आवाज ऐकून, प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रण सांगत. प्लगचा भुरकट रंग, काळी काजळी, पांढरी राख ही त्यांची मोजपट्टी होती, आणि मिसफायर ओळखायला आजही तोच कान लागतो. अडचण एवढीच की नव्या मोजपट्टीची माहितीपत्रके इंग्रजीत असतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून दहावी करून पाना हातात घेतलेल्या मुलाला ती कोणी समजावून दिली नाहीत, तर तो आयुष्यभर फक्त सुटे भाग बदलत राहील आणि मोजण्याचे काम दुसरा कोणी करील. मापाची भाषा त्याच्या भाषेत सांगणे हे शिक्षकांचे काम आहे. व्होल्ट, लॅम्डा, ऑक्सिजन हे शब्द दहावीच्या मुलाला झेपणारे आहेत; नर्न्स्टच्या तापलेल्या कांडीची गोष्ट तर सातवीच्या वर्गातही सांगता येईल.