कारखानदाराची कैफियत

न्यायालयात वादी दावा दाखल करतो आणि प्रतिवादी कैफियत सादर करतो. ‘कैफियत’ हा शब्द आपल्या कोर्टकचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. दाव्यात दुखावलेल्या माणसाचे गाऱ्हाणे असते. कैफियतीत ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे असते. इतिहास सांगताना आपले लक्ष साहजिकच गाऱ्हाण्याकडे जाते. परंतु कारखान्यात तयार झालेल्या वस्तूमुळे किंवा कारखान्याच्या कामात एखादा माणूस जायबंदी झाला, तर मालकाने त्याची भरपाई द्यावी की नाही, या प्रश्नाचा इतिहास मला कैफियतीच्या बाजूने सांगावयाचा आहे. कारण हा कायदा जेवढा दावेदारांनी घडविला, तेवढाच तो कंपन्यांच्या वकिलांनी मांडलेल्या बचावांनीही घडविला आहे.

बचाव मुख्यतः दोन प्रकारचा असतो. ‘तुम्ही म्हणता तसे घडलेच नाही,’ हा एक. ‘तुम्ही म्हणता ते सारे खरे मानले, तरी तुमचा आमचा संबंध काय?’ हा दुसरा. पहिल्यात साक्षीपुराव्याची झटापट होते. दुसऱ्यात साक्षीदार बोलवावाच लागत नाही. एकोणिसाव्या शतकात कंपन्यांचे वकील या दुसऱ्या बचावावर विसंबून राहिले आणि बहुधा विजयी झाले. त्याचा उदय आणि अस्त हीच या इतिहासाची मुख्य कथा होय.

इंग्लंडात टपाल घोडागाडीतून जात असे, तेव्हाची गोष्ट. राइट नावाच्या इसमाने गाड्या पुरविण्याचा व त्या दुरुस्त ठेवण्याचा करार टपालखात्याशी केला होता. घोडे आणि गाडीवान पुरविण्याचा करार दुसऱ्याने केला होता आणि त्या दुसऱ्याच्या पदरी विंटरबॉटम नावाचा गाडीवान होता. ऑगस्ट १८४० मध्ये होलीहेडच्या मार्गावर गाडी मोडली, विंटरबॉटम आसनावरून फेकला गेला आणि जन्माचा लंगडा झाला. त्याने राइटवर दावा लावला. राइटच्या बाजूचे म्हणणे थोडक्यात असे होते : आमचा करार टपालखात्याशी आहे, या गाडीवानाशी नव्हे. १८४२ मध्ये एक्सचेकर न्यायालयाने हे म्हणणे उचलून धरले. प्रमुख न्यायाधीश लॉर्ड ॲबिंजर यांना भीती वाटली ती अशी की, या गाडीवानाला दाद दिली, तर उद्या गाडीतला प्रत्येक उतारू, किंबहुना रस्त्याने जाणारा वाटसरूसुद्धा, दावा घेऊन उभा राहील आणि याला अंत राहणार नाही. गाडी खरोखर हयगयीने नादुरुस्त ठेवली होती काय, याची चौकशी झालीच नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच गाडीवानाला नाही, असे ठरले.

हेच लॉर्ड ॲबिंजर न्यायासनावर येण्यापूर्वी जेम्स स्कार्लेट या नावाने वकिली करीत आणि पंचांचे मन वळविण्यात त्यांचा हातखंडा होता. पाच वर्षांपूर्वी, १८३७ मध्ये, त्यांच्याचपुढे आणखी एक प्रकरण आले होते. एका खाटकाच्या नोकराचे हाड, मालकाची गाडी अतिभाराने मोडल्यामुळे मोडले होते. पंचांनी त्याला शंभर पौंड देवविले. वरच्या न्यायालयाने ते रद्द केले. येथेही भीती तीच. मालकाला जबाबदार धरले, तर एका नोकराला दुसऱ्या नोकराने ओलसर अंथरुणात निजविले किंवा स्वयंपाक्याने तांब्याची भांडी नीट घासली नाहीत, तरी मालकानेच भरपाई द्यावी लागेल, असे निकालात म्हटले आहे.

या निकालातून ‘सहकाऱ्याच्या चुकीबद्दल मालक जबाबदार नाही’ हे तत्त्व निघाले आणि ते समुद्र ओलांडून गेले. १८४२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी तेच लागू केले. सांधेवाल्याच्या चुकीने गाडी रुळावरून घसरून एका इंजिनचालकाचा हात गेला होता. शॉ यांचा युक्तिवाद असा की, धोक्याच्या कामाचा मोबदला पगारातच धरलेला असतो. चालकाला रोज दोन डॉलर मिळत होते, त्यात हा धोकाही आला. जणू हात गमावण्याची किंमत त्याला रोजच्या रोज चुकती होत होती!

याच्या जोडीला आणखी दोन ढाली होत्या. ‘धोका ठाऊक असून तू काम पत्करलेस,’ ही एक. ‘तुझीही थोडी चूक होती,’ ही दुसरी. आणि ही तर इतकी कठोर होती की, जखमी माणसाची चूक रतीभर असली तरी त्याचा सारा दावा बुडे. या कठोरपणाला एक अपवाद १८४२ मध्येच झाला, तो एका गाढवामुळे. मालकाने पुढचे पाय बांधून ते रस्त्यावर सोडले होते आणि भरधाव गाडीखाली ते मेले. गाढव तेथे सोडणे ही चूक असेल, परंतु गाडीवानाला काळजी घेऊन ते टाळता आले असते, म्हणून मालकाला भरपाई मिळाली. त्याच वर्षी जन्माचा लंगडा झालेला विंटरबॉटम मात्र रिकाम्या हाताने परतला होता.

हे न्यायाधीश निर्दय होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्यांच्यापैकी एकाने गाडीवानाची स्थिती कष्टाची असल्याचे निकालातच मान्य केले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे नवे कारखाने आणि नव्या आगगाड्या होत्या. जबाबदारीचा बांध एकदा फुटला की पाणी कोठवर जाईल, हे त्यांना दिसत नव्हते. भीती खोटी नव्हती. परंतु तिचे ओझे ज्याच्या खांद्यावर टाकले, तो गाडीवान ते पेलण्यास सर्वांत असमर्थ होता.

भिंतीला पहिली भेग न्यूयॉर्कमध्ये पडली. एका औषधविक्रेत्याच्या बरणीवर निरुपद्रवी वनस्पतीच्या अर्काची चिठ्ठी होती आणि आत बेलाडोना हे विष होते. बरणी दोन-तीन हातांतून फिरत एका आजारी स्त्रीपर्यंत पोहोचली. १८५२ मध्ये तेथील न्यायालयाने सांगितले की, विषावर चुकीची चिठ्ठी लावणाऱ्याला ‘माझा हिच्याशी करार नव्हता’ असे म्हणता येणार नाही. मात्र हा अपवाद जात्याच घातक असणाऱ्या वस्तूंपुरताच समजला गेला. तेव्हा मग कंपन्यांच्या वकिलांचे काम एवढेच उरले : आमची वस्तू विषासारखी नाही, हे दाखविणे.

ब्यूइक मोटार कंपनीने तेच केले. मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाने विक्रेत्याकडून मोटार घेतली होती. लाकडी चाकाचे आरे कुजक्या लाकडाचे निघाले, चाक कोसळले आणि तो बाहेर फेकला गेला. कंपनीची कैफियत तीन पायांवर उभी होती : मोटार आम्ही विक्रेत्याला विकली, याला नव्हे, चाक आम्ही केलेले नाही, दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले, आणि मोटार म्हणजे काही विष नव्हे. १९१६ मध्ये न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी ही कैफियत फेटाळली. जी वस्तू हयगयीने केली असता माणसाच्या जिवावर बेतेल, ती घातकच समजावी, आणि मोटारीची चाके तपासली असती तर दोष उघड झाला असता, असे त्यांनी म्हटले. विक्रेता तर मोटार वापरणार नाही हे निश्चित. मग कायद्याने त्या एकट्याचेच रक्षण करावे, हे विपरीत नव्हे काय, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. घोडागाडीच्या काळातील दाखले आजच्या प्रवासाला पुरे पडत नाहीत, असेही त्यांनी बजावले. मुख्य न्यायाधीश बार्टलेट यांनी मात्र त्याच घोडागाडीच्या निकालाचा आधार घेऊन विरोधी मत नोंदविले.

आता खुद्द ब्रिटनमध्ये यावयाचे. ऑगस्ट १९२८ मध्ये स्कॉटलंडातील पेझली गावी डोनोह्यू नावाची एक गरीब स्त्री मैत्रिणीबरोबर उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बीरची बाटली मागविली. बाटली गडद काचेची, आतले दिसत नसे. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे तिचे म्हणणे. तिने ५०० पौंडांचा दावा पेय तयार करणाऱ्या स्टीव्हन्सन याच्यावर लावला. तिच्या वकिलाचे धैर्य वाखाणण्यासारखे आहे. पेयाच्या बाटलीत मेलेला उंदीर निघाल्याचे तशाच प्रकारचे प्रकरण तो मार्च १९२९ मध्ये हरला होता आणि एप्रिलमध्ये त्याने हा दावा दाखल केला. लॉर्डांच्या सभेपर्यंत जाताना दुसऱ्या बाजूच्या खर्चासाठी अनामत भरणे डोनोह्यूला शक्य नव्हते. म्हणून निर्धन म्हणून दाद मागण्याची मुभा तिला मिळवावी लागली.

स्टीव्हन्सनच्या बाजूने मांडलेला बचाव जुनाच होता. पैसे मैत्रिणीने दिले, विक्री उपाहारगृहवाल्याने केली. मग आमचा या बाईशी संबंध काय? २६ मे १९३२ रोजी पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी हा बचाव नाकारला. आपल्या कृतीचा परिणाम ज्यांच्यावर होणार हे आपण सहज ओळखू शकतो, ती सारी माणसे कायद्याच्या दृष्टीने आपले शेजारी होत, ही लॉर्ड ॲटकिन यांची मांडणी तेव्हापासून प्रसिद्ध आहे. उरलेल्या दोघांपैकी लॉर्ड बकमास्टर यांनी पुन्हा तीच शंका काढली : एक पाऊल पुढे टाकले तर पन्नास का नकोत? म्हणजे नव्वद वर्षांनंतरही लॉर्ड ॲबिंजर यांची भीती जिवंत होती. फक्त ती आता दोन मतांची धनी होती, पाचांची नव्हे.

आणि गंमत अशी की, बाटलीत गोगलगाय होती की नाही, हे कधीच सिद्ध झाले नाही. स्टीव्हन्सन त्याच वर्षी वारला आणि पुढे प्रकरण तडजोडीत मिटले. ‘सारे खरे मानले तरी’ या बचावाचा हा परिणाम ध्यानात घ्यावा. स्टीव्हन्सनच्या वकिलांनी प्रथमच ‘गोगलगाय नव्हतीच’ एवढ्यावर लढा दिला असता, तर कदाचित ते जिंकलेही असते आणि कायदा जागचा हलला नसता. त्यांनी मूळ प्रश्न विचारला आणि न्यायालयाला मूळ उत्तर द्यावे लागले.

या पराभवाने प्रतिवादीचा मार्ग संपला, असे मात्र नाही. १९३८ मध्ये लेमोनेडच्या बाटलीत कार्बोलिक ॲसिड निघाल्याचा दावा आला. कारखानदाराने बाटल्या धुण्याची व भरण्याची आपली पद्धत न्यायालयापुढे मांडली, ती समाधानकारक ठरली आणि तो सुटला. संबंध नाकारून नव्हे, घेतलेली काळजी दाखवून. परंतु बिचारी दुकानदारीण, जिचा काडीचाही दोष नव्हता, ती विक्रीच्या कराराने बांधलेली असल्यामुळे भरपाईस पात्र ठरली! यातील विसंगती अमेरिकेत न्यायमूर्ती ट्रेनर यांनी १९४४ मध्ये, फुटलेल्या बाटलीच्या एका प्रकरणात, वेगळ्या वाटेने सोडवू पाहिली : काळजी घेतली असो वा नसो, सदोष वस्तूचा भार कर्त्यानेच उचलावा. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मत स्वीकारले. नोकरांपुढच्या ढालीही एकेक करून गळाल्या. धोका ठाऊक असणे म्हणजे तो पत्करणे नव्हे, हे लॉर्डांच्या सभेने १८९१ मध्ये सांगितले. चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याचा कायदा १९४५ मध्ये झाला. सहकाऱ्याच्या चुकीचा बचाव ब्रिटनने १९४८ मध्ये रद्द केला. आपल्याकडे १९२३ च्या कायद्यानेच कामगाराला मालकाचा दोष सिद्ध न करता भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा झाला होता.

तरीही ‘आमचा संबंध काय?’ हा प्रश्न मेला, असे कोणी समजू नये. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला, तेव्हा अमेरिकेतील युनियन कार्बाइडची भूमिका अशी होती की, भोपाळचा कारखाना एका स्वतंत्र भारतीय कंपनीचा आहे. घोडागाडीवाल्याचा करार टपालखात्याशी होता; येथे मूळ कंपनी भागभांडवलाच्या पडद्याआड होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्यामुळे मूळ कंपनी भरपाईस बांधलेली आहे की नाही, या प्रश्नावर पुराव्यानिशी अखेरचा निकाल कधीच झाला नाही. रक्कम वाढवून मागणारी सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. पेझलीच्या बाईला नाममात्र का होईना, उत्तर मिळाले होते; भोपाळकरांना या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूंच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात प्रतिवादीची बाजूही राखलेली आहे. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, धोका सर्वांना ठाऊक असण्याजोगा उघड होता, अशा बाबी कारखानदार आपल्या कैफियतीत मांडू शकतो. हे योग्यच आहे. प्रत्येक जखमी माणसाचा दावा खरा असतोच असे नाही, आणि ज्याचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही अशा प्रतिवादीविरुद्धचा निकाल हा न्याय नव्हे.

फरक एवढाच की, या बचावांसाठी वस्तुस्थिती उघड करावी लागते : चाक कोणी तपासले, बाटली कशी धुतली, चिठ्ठी कोणी लावली. विंटरबॉटमच्या गाडीचे नेमके काय मोडले आणि का मोडले, हे कोणीच विचारले नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार सामान्य माणसाला मिळण्यास नव्वद वर्षे लागली. ज्या कारखानदाराजवळ त्याचे प्रामाणिक उत्तर आहे, त्याला उत्तम कैफियतीची उणीव भासत नाही. कारण ती खटला उभा राहण्यापूर्वीच, कारखान्यातील रोजच्या कामात लिहिली गेलेली असते.