पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेंतील रोजचे दिवस

पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा कोणीं घातली, असें वर्गांत विचारलें कीं सारीं मुलें एकमुखानें 'मॅगेलननें' असें उत्तर देतात. वस्तुतः मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजीं फिलिपाईन्समधील मॅक्टन बेटावर लढतां लढतां पडला. स्पेनच्या सान् लूकार बंदरांतून २० सप्टेंबर १५१९ रोजीं ५ जहाजें आणि सुमारें २५० माणसें निघालीं होतीं. ६ सप्टेंबर १५२२ रोजीं त्याच बंदरांत 'व्हिक्टोरिया' हें एकच जहाज परतलें, आणि निघालेल्यांपैकीं १८ जणच त्यावर होते. बाकीचे सगळेच मेले असें नव्हे. एक जहाज अर्ध्या वाटेवरून माघारें गेलें होतें, आणि कांहीं जण पोर्तुगीजांच्या कैदेंत सांपडले होते.

त्या १८ जणांत अँतोनिओ पिगाफेत्ता नांवाचा इटालियन गृहस्थ होता. तो नित्यनेमानें टिपणें ठेवी, म्हणून या सफरींतील रोजचें जिणें आज आपणांस कळतें.

जहाजावर घड्याळ म्हणजे वाळूचें. अर्ध्या तासानें वाळू खालीं उतरली कीं पोरसवदा नोकरानें तें उलटें करावयाचें. चूल उघड्यावर, वारा मोठा असला तर ती पेटतच नसे. शिध्यांत जहाजी बिस्किट, म्हणजे दोनदां भाजलेला कठीण पाव, खारविलेलें मांस, मासे, हरभरे, चीज आणि द्राक्षासव असे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील सामुद्रधुनींत झऱ्यांकांठीं उगवलेली रानभाजी त्यांनीं पुष्कळ दिवस खाल्ली. २८ नोव्हेंबर १५२० रोजीं जहाजें पॅसिफिक महासागरांत शिरलीं, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली.

पिगाफेत्ताच्या हिशेबानें ३ महिने २० दिवस ताजें अन्न मिळालें नाहीं. बिस्किटांचा किडे पडलेला भुगा झाला, आणि त्यास उंदरांच्या मुताची दुर्गंधी येई. पाणी पिवळें पडून कुजलें. दोर घासूं नयेत म्हणून शिडाच्या आडव्या वाशास बैलाचें कातडें गुंडाळलेलें होतें. तें चार-पांच दिवस समुद्राच्या पाण्यांत भिजवून, निखाऱ्यांवर भाजून, त्यांनीं खाल्लें. लाकडाचा भुसाही खाल्ला. एकेक उंदीर अर्ध्या डुकाटला, म्हणजे अर्ध्या सुवर्णनाण्याला, विकला जाऊं लागला. हिरड्या सुजून दांतांवर चढल्या. अन्न पुढें असूनही चावतां येईना, आणि माणसें मरूं लागलीं.

हा स्कर्व्ही रोग. १७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या ब्रिटिश आरमारी शल्यवैद्यानें १२ रोगी खलाशांचीं सहा जोडपीं करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. संत्रीं व लिंबें मिळालेली जोडी सर्वांआधीं सुधारली. तरीही लिंबाचा रस त्या आरमारांत सररास मिळूं लागण्यास १७९५ साल उजाडलें, आणि त्यांतील 'क' जीवनसत्त्वाचा उलगडा १९३० नंतरच्या दशकांत झाला. आपल्या पानांत मिठाशेजारी वाढलेली जी लिंबाची फोड आपण कित्येकदां तशीच टाकून उठतों, तिच्या अभावीं हीं माणसें तडफडून मेलीं.

परतीच्या वाटेवर एक चमत्कार घडला. आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्द बेटांपाशीं 'व्हिक्टोरिया' आली, तेव्हां जहाजाच्या हिशेबानें ९ जुलै १५२२, बुधवार होता. किनाऱ्यावरचे पोर्तुगीज म्हणाले, आज गुरुवार! पिगाफेत्ता बुचकळ्यांत पडला, कारण त्यानें एक दिवसही टिपण्यास चुकविला नव्हता. हिशेब त्याचाही बरोबर होता आणि किनाऱ्यावरच्यांचाही. सूर्यामागोमाग पश्चिमेकडे जाणाऱ्याचा प्रत्येक दिवस किंचित् लांबतो. पूर्ण फेरी झाली कीं त्यास एक सूर्योदय कमी दिसतो. भाविक खलाशांस मात्र उपवासाचे वार चुकल्याची रुखरुख लागली. आपल्याकडील एखाद्या निष्ठावंतास सारा प्रवासभर द्वादशीलाच एकादशी धरल्याचें शेवटीं कळावें, तशी ती अवस्था. आज ही अडचण आंतरराष्ट्रीय वाररेषेनें सुटली आहे.

'व्हिक्टोरिया' परत आणणारा हुआन सेबास्तियान एल्कानो यास बादशहा पांचवा चार्ल्स यानें पृथ्वीचा गोल असलेलें मानचिन्ह दिलें. 'तूं मला प्रथम वळसा घातलास,' अशा अर्थाची लॅटिन अक्षरें त्यावर होतीं. परंतु याच सफरींत मॅगेलनचा एन्रिके नांवाचा एक मलायी गुलाम होता. पूर्वेकडून युरोपांत नेलेला हा मनुष्य पश्चिमेच्या वाटेनें फिलिपाईन्सपर्यंत आला, आणि तेथें त्याची बोली लोकांस समजली! आपल्या मरणानंतर यास मुक्त करावें, असें मॅगेलननें मृत्युपत्रांत लिहिलें होतें. धन्याच्या मागून अधिकारावर आलेल्यांनीं तें मानलें नाहीं. १ मे १५२१ च्या सेबू येथील कत्तलीनंतर त्याचा मागमूस लागत नाहीं.

तेव्हां मुलांनीं मॅगेलनचें नांव अवश्य पाठ करावें. पण कातडें चावणारे ते खलाशी, रोज न चुकतां वार टिपणारा पिगाफेत्ता आणि स्वतःची बोली पुन्हां कानीं पडलेला तो गुलाम, यांचीही ओळख घरोघरीं वडील मंडळींनीं त्यांस करून द्यावी, एवढीच विनंति.