त्रिकग्रह कीं आमवात ? – वैद्यकाच्या बाडांतील एका व्याधीचा विचार

जुन्या दप्तरांत सनदा-महजरांच्या जोडीला वैद्यकाचीं बाडेंही सांपडतात. परंतु संशोधकांची दृष्टि राजकीय कागदांवर खिळलेली असल्यामुळें त्यांची उपेक्षा होते. अशा बाडांत पाठीच्या कण्याच्या एका व्याधीचे उपचार आढळल्यास त्यांवरून काय अनुमान काढतां येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा व्याधि बहुधा ऐन तारुण्यांत सुरू होतो. कमरेच्या तळाशीं दुखूं लागतें, उत्तररात्रीं वेदना वाढते, सकाळीं पाठ आंखडलेली असते, आणि विश्रांतीपेक्षां हालचालीनेंच बरें वाटतें. माकडहाडाच्या वरचें हाड व कटीचें हाड जेथें मिळतात त्या सांध्यांत दाहास आरंभ होतो. कित्येकांच्या ठिकाणीं पुढें मणके एकमेकांस जुळून कणा एकसंध होतो. रशियांत बेख्तेरेव, जर्मनींत श्ट्र्युम्पेल व फ्रान्सांत पिएर मारी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत याचें वर्णन केलें. १९७३ सालीं एचएलए-बी२७ ह्या आनुवंशिक खुणेशीं त्याचा संबंध दिसून आला. आज त्यास अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात.

आपल्या ग्रंथांत याचा शोध घेतां दोन वाटा दिसतात. पहिली चरकाची. सूत्रस्थानांत जे ऐंशीं वातविकार गणिले आहेत त्यांत त्रिकग्रह व पृष्ठग्रह हीं नांवें येतात. 'ग्रह' म्हणजे धरणें. 'पाठ धरली' असें आपण मराठींत म्हणतों तोच हा अर्थ. येथें ज्वर नाहीं, सूज नाहीं; केवळ वायूनें केलेली ताठरता आहे. दुसरी वाट माधवकराची. इ. स. च्या सातव्या शतकाच्या सुमारास त्यानें रचिलेल्या रुग्विनिश्चयांत, म्हणजे माधवनिदानांत, आमवातास स्वतंत्र अध्याय दिला आहे. आम आणि वात एकाच वेळीं कुपित होऊन त्रिकसंधींत शिरतात व गात्रें ताठ करितात, असें तेथील लक्षण आहे. त्याच्या पुढेंच अंगमर्द, अरुचि, ज्वर व अंगास सूज सांगितली आहे.

'त्रिकसंधि' ह्या समासाचा विग्रह दोन प्रकारें होतो. तत्पुरुष मानिल्यास 'त्रिकाचा सांधा', म्हणजे आजच्या वैद्यकानें दाखविलेलें अगदीं तेंच स्थान. द्वंद्व मानिल्यास 'त्रिक आणि इतर सांधे'. सुश्रुतानें शारीरस्थानांत श्रोणीच्या पांच अस्थींपैकीं एक त्रिकाश्रित सांगितली आहे; परंतु खवाट्याच्या हाडांचें वर्णन करितांनाही तो त्रिकाशीं त्यांचा संबंध सांगतो, तेव्हां तेथें त्रिक म्हणजे मानेखालचा भाग. एकाच शब्दाला कण्याचीं दोन टोकें लागू पडतात, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

माधवाचा स्वतःचा प्रयोग पाहतां निर्णय द्वंद्वाकडे झुकतो. वाढलेल्या आमवाताचीं स्थानें मोजितांना हात, पाय, मस्तक, घोटे, गुडघे, मांड्या यांच्याच ओळींत त्यानें त्रिक बसविलें आहे. म्हणून केवळ कण्याचा रोग म्हणजे आमवात असें म्हणतां येत नाहीं. डोळ्यांचा दाह किंवा हालचालीनें उतार ह्या आजच्या खुणाही त्या अध्यायांत नाहींत. उलट, आमवात म्हणजे हातापायांच्या लहान सांध्यांचाच संधिवात, हें रूढ समीकरणही अपुरें आहे; कारण मूळ व्याख्येंत नांव त्रिकाचेंच आहे. आमवात ही एका व्याधिकुलाची संज्ञा असून कणा धरणारा प्रकार त्या कुलांत समाविष्ट होता, असें आमचें मत आहे. पाठीची ताठरता आणि सर्वांगाचा ज्वरशोथ हीं एकाच रोगाचीं अंगें होत, हें एकत्र सांगणें यांतच माधवाची थोरवी आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. उपचार येथेंच फिरतो. शुद्ध वातविकारांत तैलाभ्यंग व स्निग्ध स्वेद आरंभींच येतात. आमवातांत चक्रपाणिदत्तानें प्रथम लंघन सांगितलें असून वाळूच्या पुरचुंडीनें कोरडा शेक, कडू-तिखट दीपन द्रव्यें व रेचक यांची योजना केली आहे. तेव्हां बाडांत रोगाचें नांव नुसतें 'पाठ धरणें' असलें, तरी खालील उपचारक्रमावरून त्या वैद्यानें काय निदान केलें हें ताडतां येतें. मात्र एकट्या एरंडेलावरून निर्णय करूं नये. गृध्रसीसारख्या वातरोगांतही तें देतात.

अस्थींची साक्ष मिळेल काय, असा प्रश्न साहजिक आहे. आपल्या जिल्ह्यांत प्रवरातीरीं नेवासें येथें १९५४ ते ५६ व दायमाबाद येथें १९५८ ते ७९ या काळांत टप्प्याटप्प्यानें उत्खननें झालीं. तेथें ताम्रपाषाणयुगीन दफनें मिळालीं. पण त्यांत घराच्या जमिनीखालीं कुंभांत पुरलेल्या बालकांचीं फार. तारुण्यांत उद्भवणाऱ्या रोगाची खूण बालकाच्या कण्यावर कोठून मिळणार ? म्हणून लेखांचें महत्त्व अधिक.

फारसी ग्रंथही या दृष्टीनें चाळावे. निजामशाहींत वाढलेला व १५८९ त विजापुरास गेलेला फिरिश्ता इतिहासकार म्हणून सर्वश्रुत आहे. त्यानें हिंदी वैद्यकावर 'दस्तूर-उल्-अतिब्बा' हा ग्रंथही लिहिला. अशा ग्रंथांत त्रिकाचें भाषांतर कोणत्या शब्दानें केलें आहे हें पाहिलें, तर त्या काळचे वैद्य त्रिक कोठें मानीत हें कळूं शकेल. निदानाच्या अंगानें विचार करण्यास नगरास १९१७ त वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनीं स्थापिलेलें आयुर्वेद महाविद्यालय आहेच.

संगमनेर, नेवासें, श्रीगोंदें वगैरे भागांतील ज्या संग्राहकांपाशीं वैद्यकाचीं बाडें असतील, त्यांनीं माधवनिदानाच्या प्रतींतील त्या समासाचा पाठ, समासांतील टीप, लेखनशक व पाठीच्या उपचाराचा क्रम एवढ्या चार गोष्टी उतरवून मंडळाकडे धाडाव्या. सुटीं पानें झालेलीं बाडें रद्दींत जातात. त्यापूर्वीं हें काम झालें पाहिजे.