कण्हणाऱ्या बाळाचे फुप्फुस

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो; आजच्या नवजात कक्षात हे फार लहान बाळ मानले जात नाही. बोस्टनमध्ये त्याला उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवले गेले, पण ३९ तासांनी ते दगावले.

या आजाराचे कारण तेव्हा अज्ञात होते असे मात्र नाही. अशा बाळांच्या शवविच्छेदनात फुप्फुसात काचेसारखा पातळ पापुद्रा दिसे, म्हणून आजाराला ‘हायलीन मेंब्रेन डिसीज’ म्हणत. हा पापुद्रा येतो कुठून, याच प्रश्नात संशोधक अडकले होते. मेरी एलन एव्हरी यांनी प्रश्नच उलटवला: या फुप्फुसात काय कमी आहे? जेर मीड यांच्यासोबत १९५९ मध्ये त्यांनी दाखवले की पृष्ठताण घटवणारा पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट, तेथे पुरेसा नसतो. साबणाचा बुडबुडा आठवा. वायुकोशाच्या ओल्या भिंतीही तशाच आत ओढल्या जातात आणि कोश जितका लहान तितकी ही ओढ जास्त. सरफॅक्टंट नसेल तर उच्छ्वासाबरोबर कोश मिटतात. मग बाळाला प्रत्येक श्वास जन्मानंतरच्या पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. पृष्ठताणाचे हे महत्त्व फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्येच मांडले होते. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

कारण कळले, पण उपाय? खरे तर उपाय बाळ स्वतःच करत होते. अशी बाळे उच्छ्वासाच्या वेळी कण्हतात. हे कण्हणे म्हणजे स्वरतंतू जवळ आणून हवा छातीत अडवून धरणे होय. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये दाखवले की श्वासनलिकेत नळी घालून कण्हणे थांबवले, तर रक्तातील ऑक्सिजन घटतो. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी हाच अडवलेला दाब बाहेरून दिला. १९७१ च्या त्यांच्या निबंधात अत्यवस्थ २० बाळांपैकी १६ वाचल्याची नोंद आहे. हेच सीपॅप. सरफॅक्टंटच फुप्फुसात सोडण्याचे यश जपानच्या फुजिवारा यांना मिळाले, तेही १९८० मध्ये.

आज भारतातील अनेक रुग्णालयांत वापरला जाणारा बबल सीपॅप पाहिला, तर यामागचे तत्त्व डोळ्यांसमोर दिसते. बाळाकडून येणाऱ्या नळीचे टोक पाण्यात बुडवलेले असते. ते पाच सेंटिमीटर खोल असेल, तर बाळाच्या फुप्फुसात साधारण तेवढ्याच पाण्याचा दाब टिकून राहतो.