वृद्धांचा निवारा : इंग्लंडमधील इतिहास

वार्धक्यात माणसास अन्नाची चिंता असते, तशीच डोक्यावरच्या छपराचीही असते. ही दुसरी चिंता सरकारने किती वाहावी, हा प्रश्न इंग्लंडच्या कायद्यात चारशे वर्षांहून अधिक काळ वावरत आहे. त्याची उत्तरे मात्र दर पिढीला निराळी मिळाली, आणि नंतरचे उत्तर आधीच्यापेक्षा शहाणपणाचे होते असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीत, 1601 साली झालेल्या दरिद्री-कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीवर, तेथील निराधारांचा भार टाकला. ऐपत असलेल्या मुलांनी आईबापांस पोसावे, हे बंधन त्यात होतेच. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. गावच्या पडीक जमिनीवर, जमिनीच्या धन्याच्या संमतीने, अपंग व असमर्थ दरिद्र्यांसाठी घरे बांधावीत आणि त्यांचा खर्च गावावर बसविलेल्या पट्टीतून भागवावा, अशी मुभा या कलमाने दिली. घरे साधीच, तरी म्हाताऱ्या जोडप्यास आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांत अखेरचे दिवस काढता येत.

1834 साली हे सारे पालटले. पट्टीचा बोजा फार वाढला, अशी करदात्यांची ओरड होती. धडधाकट माणसास आळसाची चटक लागू नये, म्हणून सरकारी मदत वर्कहाऊसच्या चार भिंतींत द्यावी आणि तेथील जिणे बाहेरच्या गरिबांतल्या गरीब मजुरापेक्षाही हलके असावे, असे तत्त्व ठरले. हा दंडक काम टाळणाऱ्या तरुणासाठी होता. चिरडला गेला तो काम करण्याची शक्तीच न उरलेला म्हातारा. वृद्धांसाठी निराळ्या इमारती असाव्यात, अशी शिफारस खुद्द चौकशी मंडळाने केली होती. ती कागदावर राहिली, कारण सर्वांना एकाच वाड्यात कोंडणे स्वस्त पडत होते. पुरुष एका भागात, स्त्रिया दुसऱ्या भागात. जन्मभर एकत्र राहिलेल्या नवराबायकोचीही ताटातूट होई. साठी उलटलेल्या जोडप्यास सक्तीने वेगळे करू नये, एवढे कायद्यात लिहिण्यास 1847 साल उजाडले. दरम्यान 1835 च्या एका कायद्याने गावांना आपली जुनी मिळकत विकण्याची सोय करून दिली होती. त्या विक्रीत गरिबांसाठी बांधलेली पुष्कळशी घरेही गेली, आणि आलेला पैसा नव्या वर्कहाऊसच्या बांधकामाकडे वळला!

1908 च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरजूस आठवड्यास जास्तीत जास्त पाच शिलिंग पेन्शन मिळू लागले. 1909 च्या पहिल्या दिवसापासून ते पोस्टात जाऊन घेता येई, त्यामुळे दरिद्री-खात्याच्या अधिकाऱ्यापुढे हात पसरावा लागत नसे. हा मोठाच दिलासा होता. परंतु पाच शिलिंगांत भाडे देऊन फारसे काही उरत नसल्याने घराचा प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 5 जुलै 1948 रोजी जुना दरिद्री-कायदा संपुष्टात आला. सधन लोक जसे हॉटेलात जाऊन राहतात तसे वृद्धांनी पैसे मोजून सरकारी वसतिगृहात राहावे, अशी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांची कल्पना होती. त्या वेळी सव्वीस शिलिंगांच्या साप्ताहिक पेन्शनपैकी एकवीस शिलिंग वसतिगृहास द्यावेत आणि पाच हातखर्चास ठेवावेत, असा हिशेब ठरला. कल्पना उदार खरी. पण नव्या इमारतींना पैसा व सामान मिळेना, म्हणून जुन्याच वर्कहाऊसवर नव्या पाट्या लागल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी 1958-59 मध्ये अशा 173 संस्था पाहिल्या आणि 1962 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा पाटीमागची भिंत लोकांना दिसली.

त्याच सुमारास गृहनिर्माण खात्याने दुसरी वाट धरली. वृद्धांना संस्थेत नेण्याऐवजी लहान घरांचे समूह बांधावेत. प्रत्येकाला आपले दार, आपली किल्ली आणि आपली शेगडी असावी. आवारातच एक वॉर्डन राहावा, आणि अडचणीच्या वेळी त्याला हाक देणारी घंटा घरात असावी. 1969 च्या सरकारी परिपत्रकाने या घरांचे नियम आखून दिले, आणि पुढील दशकात नगरपालिकांनी व गृहनिर्माण संस्थांनी ती मोठ्या संख्येने बांधली. साठीनंतरच्या माणसास सोबत हवी असते, पण पहारा नको असतो, ही गोष्ट सरकारला उमजावयास साडेतीन शतके लागली.

वॉर्डनच्या पगारास मात्र पुढे दृष्ट लागली. 2003 पासून अशा साहाय्यासाठी राखून ठेवलेला निधी 2009 साली इंग्लंडमध्ये राखीव राहिला नाही. तो कशावर खर्चावा हे नगरपालिकांच्या मर्जीवर आले. अनेक ठिकाणी राहता वॉर्डन काढून फेरीवर येणारा कर्मचारी आणि दूरध्वनी यांवर भागविण्यात आले. लंडनमधील बार्नेट आणि दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ येथील काही रहिवासी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. आपण घर घेतले ते वॉर्डन आहे म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. अपंग रहिवाशांवर होणाऱ्या परिणामांचा कायद्याने सांगितल्याप्रमाणे विचार झाला नाही, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने 2009 च्या अखेरीस निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला. वॉर्डन कायम ठेवलाच पाहिजे, असे मात्र त्या निकालात नव्हते. निर्णय पुन्हा, नीट विचार करून घ्यावयाचा होता.