अभयारण्याआधीच्या वाटा

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या धारेला धरून असलेलं हे सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं जंगल. कागदावरचं त्याचं वय पाहिलं तर ते आमच्या पिढीपेक्षा जेमतेम बारा-तेरा वर्षांनी मोठं आहे. त्यातून जाणाऱ्या वाटांचं वय मात्र शतकांत मोजावं लागतं.

आमच्या पिंपळवंडीहून मंचर, घोडेगाव, डिंभे करत गाडीने अडीच-तीन तासांत तिथं पोचता येतं. शनिवार-रविवारी निघणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये वाटेची जीपीएस फाइल असते. खांडसहून शिडी घाट, खांडसहूनच गणेश घाट, आहुपे ते कोंढवळ ते भीमाशंकर. प्रत्येक फाइलवर ती अपलोड करणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं असल्यामुळे एक सवय लागली आहे: कुठलीही फाइल दिसली की तिचा इतिहास उघडून बघायचा, आधी कुणी काय लिहिलं होतं ते शोधायचं. या वाटांचा तसा इतिहास उघडला तर त्यात कुणाची नावं येतील?

घाट आणि आकडे

सुरुवात अभयारण्याच्या थोडं बाहेरून, उत्तरेकडून करू. सह्याद्रीच्या याच धारेवर जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. पिंपळवंडीच्या शिवाराजवळून वाहणारी कुकडी याच बाजूला, कुकडेश्वराजवळ उगम पावते. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दानांची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. प्रत्येकापुढे आकडा कोरलेला आहे. भारतीय अंकांचा इतिहास सांगताना हा लेख टाळता येत नाही, तो यामुळेच. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधणारा माणूस कर्नल विल्यम साइक्स. पेशवाई बुडाल्यानंतर नव्याने हाती आलेल्या मुलखाची मोजदाद करायला कंपनी सरकारने त्याला नेमलं होतं. माणसं, गुरं, पिकं, पाऊस, तापमान, सगळ्याच्या नोंदी करत तो दख्खनभर फिरला. पुढे तो लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा अध्यक्षही झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा गोळा करणारा माणूस.

याच साइक्सने १८३१ मध्ये सह्याद्रीतल्या एका मोठ्या खारीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबईचा माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्यावरून तिला नाव दिलं. ती खार म्हणजे आपलं शेकरू, आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि भीमाशंकर अभयारण्याची ओळख. शास्त्रीय यादीत तिच्या नावाशी एल्फिन्स्टन अजून चिकटलेला आहे. शेकरू हा शब्द ज्यांचा, त्यांचं नाव त्या यादीत कुठेच नाही.

देवाचं रान

ते लोक म्हणजे प्रामुख्याने महादेव कोळी. भीमाशंकरच्या आजूबाजूच्या गावांमध्ये त्यांच्या देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथं कुऱ्हाड चालत नाही. आहुप्याची देवराई त्यातली विशेष प्रसिद्ध. वामन वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली गेली: आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी या तुकड्यांमध्ये जुनी झाडं, मोठे वेल, झरे टिकून राहिले. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये. देवराईचा नियम त्याच्या कितीतरी आधीचा, आणि तो मोडला तर शिक्षा देवाची.

वाटाही याच लोकांनी मळल्या. एक वाट पाण्याची, एक गुरांची, एक लग्नसंबंधांची. कारण घाटाखालच्या आणि घाटावरच्या वाड्यांमध्ये सोयरिकी होत्या. एक वाट देवाची. भीमाशंकराच्या दर्शनाला कोकणातून येणारे भाविक महाशिवरात्रीला घाट चढून यायचे, अजूनही येतात. मंदिराचं शिखर नाना फडणवीसांनी बांधलं असं सांगतात. मंदिरासमोरची मोठी घंटा मात्र युरोपातून आलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयातून मिळालेल्या चर्चच्या घंटांपैकी ही एक. किनाऱ्यावर वाजणारी घंटा घाटमाथ्यावर येते, यावरून या डोंगरात वर-खाली किती ये-जा होती ते कळतं.

लपायच्या वाटा

याच वाटा काही काळ सरकारला डोकेदुखी झाल्या. १८७० च्या दशकात सावकारी कर्जापायी जमिनी जात होत्या. मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि दख्खनचा उठाव पेटला, हे शाळेत शिकवलं जातं. त्याच्या आधी, १८७३ पासूनच, पश्चिमेच्या डोंगरात जांभोरीचा होनाजी केंगले सावकारांना लुटत होता. ब्रिटिश कागदपत्रांत तो ‘होन्या’ म्हणून येतो. पुणे, ठाणे, नाशिक, नगर अशा चार जिल्ह्यांत त्याचा वावर होता. त्याला पकडायला मेजर डॅनियल या अधिकाऱ्याला १८७६ साल उजाडलं. धारेवरून एका रात्रीत जिल्हा बदलता येत होता आणि पोलिसांची हद्द मात्र जिल्ह्याची होती. हे लक्षात घेतलं की तीन वर्षं का लागली ते समजतं.

होनाजी पकडला गेला आणि दोनच वर्षांत, १८७८ मध्ये, नवा वन कायदा आला. रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. नाचणी-वरईच्या रोपांसाठी फांद्या तोडून राब भाजणं ही इथली शेतीची रीत होती, ती आता गुन्ह्याच्या जवळ जाऊन पोचली. जंगल तेच राहिलं, पण त्यात पाऊल टाकणारा माणूस पहिल्यांदाच ‘आत शिरलेला’ ठरू लागला.

कलम २७

अभयारण्यात कोण जाऊ शकतो हे वन्यजीव कायद्याचं कलम २७ सांगतं: कामावरचा सरकारी नोकर, परवानगी मिळालेला माणूस, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा, आणि यांच्यावर अवलंबून असलेले. परवानगी कशासाठी मिळू शकते ते कलम २८ मध्ये आहे: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार.

ही यादी दोनदा वाचण्यासारखी आहे. तुमचा-माझा ट्रेक तिच्यात ‘पर्यटन’ म्हणून बसतो. आहुप्याची बाई हिरडा वेचायला जाते ते त्यात सरळ बसत नाही. इथल्या घरांचा रोख पैसा मोठ्या प्रमाणात हिरड्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात कोवळं फळ काढायचं, वाळवायचं, म्हणजे झाला बाळहिरडा. औषधी कंपन्यांपर्यंत जाणारा हा माल आधी डोक्यावरच्या पाटीतून याच वाटांनी गावात येतो. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यांतून पडलेलं लाकूड आणि गवतसुद्धा उचलायला मनाई केली, तेव्हा देशभरातल्या अशा गावांवर टांगती तलवार आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाचा हक्क मान्य केला, अभयारण्यातसुद्धा. मात्र हक्क कायद्यात येणं आणि हातात येणं यांच्यामध्ये दाव्यांची, पुराव्यांची, समित्यांची लांब चढण आहे. ज्यांनी वाट मळली, त्यांनाच आपण इथले आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं.

रेषेच्या या बाजूला

याचा आमच्याशी काय संबंध, असं पिंपळवंडीत बसून वाटू शकतं. संबंध पाण्याचा आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. डिंभे धरण घोड नदीवर, अभयारण्याच्या पायथ्याशी. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते मूळ गावच त्या पाण्याखाली गेलं. कालवे आले आणि आमच्या खोऱ्यात ऊस वाढला. उसात लपायला जागा, गावात कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला याहून जास्त काय हवं?

२००१ ते २००३ मध्ये जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले अचानक वाढले. त्या काळात बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले जात होते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की मोठ्या प्रमाणावर हे स्थलांतर सुरू झाल्यावर हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. बिबट्या रानातला, माणूस गावातला, अशी रेष नकाशावर ओढता येते. जनावर ती पाळत नाही. आमच्याकडे रात्री लाइट आली की उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला हे अभ्यासाशिवायही माहीत असतं.

डोंगरही ती पाळत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर कडा कोसळला. सकाळच्या एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा बातमी बाहेर गेली. १५१ माणसं गेली. आहुप्याच्या ट्रेकला जाताना आपण त्याच खोऱ्यातून जातो, बहुतेकदा पहाटेच्या झोपेत.

तर इतिहास उघडल्यावर दिसतो तो असा: व्यापारी, भाविक, गुराखी, बंडवाला, मोजदाद करणारा साहेब, हिरडा वेचणारी बाई, आणि सगळ्यात शेवटी आपण. ट्रेकर म्हणून आपलं येणं गैर आहे असं मला वाटत नाही. अभयारण्य हवंच. ते नसतं तर शेकरूची घरटी असलेल्या झाडांचं काय झालं असतं, हे आजूबाजूचे उघडे डोंगर सांगतात. फक्त रान राखण्याचं श्रेय १९८५ च्या अधिसूचनेला एकटीला देता येत नाही, आणि त्याची किंमत एकट्या आदिवासी गावांनी मोजावी हेही चालणार नाही.

जाल तेव्हा वन विभागाची परवानगी घ्या, पावसाळ्यात बंद असलेल्या वाटेला जाऊ नका. गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याला ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. त्याला वाटेवरच्या झऱ्यांची, खिंडींची, कातळांची नावं विचारा. तुमच्या फाइलमध्ये ती नसतात. आणि एप्रिल-मेमध्ये एखाद्या कातळावर हिरडा वाळत घातलेला दिसला, तर वळसा घालून जा.